दाखल करण्याचा आदेश म्हणजे औषध देण्याची परवानगी नव्हे

एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध मानसोपचार रुग्णालयात दाखल केलं, की औषधंही त्याच्या इच्छेविरुद्ध देता येतात, असं घरची माणसं धरून चालतात. पण दाखल करणं वेगळं आणि औषध देणं वेगळं.

दाखल करताना मुख्यतः धोका पाहिला जातो. निव्वळ मानसिक आजार असणं पुरत नाही. अमेरिकेत केनेथ डोनाल्डसन यांना फ्लोरिडातल्या रुग्णालयात जवळपास १५ वर्षं ठेवलं होतं. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितलं की, जो धोकादायक नाही आणि स्वतःच्या बळावर किंवा आप्तमित्रांच्या आधाराने बाहेर सुखरूप राहू शकतो, त्याला नुसतं कोंडून ठेवता येणार नाही.

औषधाच्या वेळी पाहायची ती निर्णयक्षमता: उपचार काय आहेत, घेतले तर काय, नाही घेतले तर काय, हे रुग्णाला उमगतं का? भ्रम असलेल्या माणसालाही ते उमगू शकतं. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८६ मध्ये हाच भेद मानला. तातडीची वेळ सोडली, तर नकार देणाऱ्या रुग्णाकडे निर्णयक्षमता नाही हे न्यायाधीशापुढे वेगळं सिद्ध करावं लागतं. यामुळे उपचार लांबतात आणि माणूस बिनऔषधाचा आत अडकून राहू शकतो, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. तरीही मला हीच वाट योग्य वाटते.

इंग्लंडच्या १९८३ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. उपचारांसाठी सक्तीने दाखल केलेल्या रुग्णाला मानसिक आजाराची औषधं पहिले तीन महिने संमतीशिवाय देता येतात, त्याची निर्णयक्षमता शाबूत असली तरी. त्यानंतर मात्र त्याची संमती किंवा नेमलेल्या दुसऱ्या डॉक्टरची मान्यता लागते.

त्याच देशात १९९३ साली ब्रॉडमूर या कडक पहाऱ्याच्या मानसोपचार रुग्णालयातल्या एका स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या पायाला गँगरीन झालं. आपण मोठे डॉक्टर आहोत असा त्याचा भ्रम होता. पाय कापला नाही तर वाचण्याची शक्यता १५ टक्के, असं सर्जनचं मत होतं. त्याने नकार दिला. मरणाचा धोका त्याला कळतो, हे पाहून उच्च न्यायालयाने त्याचा नकार मान्य केला, आणि पाय न कापताच तो जगला. जिवावर बेतलेल्या शस्त्रक्रियेला तो नाही म्हणू शकला. भ्रमावरच्या गोळीला मात्र सक्तीने दाखल झालेल्या रुग्णाचा असाच समजून दिलेला नकार पहिले तीन महिने पुरेसा ठरत नव्हता.