चकलीचा काटा आणि ‘प्रिंटेबिलिटी’चा घोळ

बायोप्रिंटिंग म्हणजे जिवंत पेशी छापून टिश्यू (शरीरातली ऊती) तयार करायचं तंत्र, आणि त्यातलं मॉडेलिंग, म्हणजे काय होईल ते गणिताने आधीच बघणं, म्हटलं की हल्ली सगळे थेट मशीन लर्निंगवर येतात, पण गणित त्याच्या खूप आधीपासून चालू आहे. इंकजेट प्रिंटर वापरून पेशी हव्या त्या जागी बसवायचा प्रयोग 1988 चा, आणि 1992 मध्ये वेगवेगळ्या पेशी एकत्र केल्या की त्या आपापल्या जातीच्या कशा वेगळ्या होतात याचं मॉडेल आलं. त्याचं मूळ चुंबकत्वाच्या भौतिकशास्त्रात होतं, प्रिंटिंगसाठी ते केलेलंच नव्हतं. पुढे शेजारी ठेवलेले पेशींचे गोळे एकमेकांत कसे मिसळतील हे बघायला त्याच धाटणीची सिम्युलेशन्स कामाला आली.

मग एक्स्ट्रूजन आलं, म्हणजे सरळ आपला सोऱ्याच, पेशी मिसळलेलं जेल दाबून नोझलमधून बाहेर काढायचं, आणि सगळं लक्ष नोझलच्या आत गेलं. तिथे शिअर स्ट्रेस, म्हणजे वाहत्या जेलचे थर एकमेकांवर घासल्याने येणारा ताण, मधोमध शून्य आणि भिंतीला सगळ्यात जास्त असतो, ऑफिस सुटल्यावर दादरच्या पुलावर कठड्याला लागून चाललं की जसं घासलं जातं तसं. सरळ नळीत दाब कायम ठेवला तर भिंतीवरचा ताण नळीची लांबी आणि त्रिज्या ठरवते, जेलचा घट्टपणा नाही, घट्टपणामुळे फक्त पेशी त्या ताणात किती वेळ राहते ते बदलतं. हे समजलं की शंकूसारखं नोझल का वापरतात तेही समजतं, कमी दाबात काम होतं आणि जास्त ताण फक्त टोकाशी, थोडाच वेळ.

आता खरा घोळ, ‘प्रिंटेबिलिटी’, म्हणजे जेल किती नीट छापलं जातं ते. चकलीचं पीठ सैल झालं की काटा येत नाही, घट्ट झालं की तुकडे पडतात, मधली जागा सापडावी लागते, आणि ती आकड्यात पकडायला 2016 च्या सुमारास एक सोपं माप रूढ झालं. जाळी छापायची, दोन-दोन धाग्यांमधली खिडकी किती चौकोनी आहे ते बघायचं, 1 आला तर नेमका चौकोन, कमी आला तर कोपरे गोल झालेत म्हणजे जेल पातळ, जास्त आला तर कडा वेड्यावाकड्या म्हणजे जेल जास्त गोठलंय. फोटोवरून मोजता येतं म्हणून सगळ्यांनी उचललं आणि मॉडेल्सही तोच आकडा गाठायला बसवली गेली. मला हे कधीच पटलं नाही, कारण त्या मापात पेशी कुठेच नाही, काटा छान आला म्हणून चकली खुसखुशीत झाली असं कोण म्हणेल? त्यात ‘बायोइंक’ शब्दाचीही गंमत, काही जण पेशी नसलेल्या नुसत्या जेललाही बायोइंक म्हणायचे, 2018 मध्ये व्याख्या पक्की करून सांगितलं गेलं की पेशी असतील तरच बायोइंक, नाहीतर ती बायोमटेरियल इंक. पण तोवरचे बरेच आकडे नुसत्या जेलचे होते, आणि पेशी भरपूर घातल्या की जेलचं वाहणंच बदलतं, म्हणजे जुना डेटा नीट न निवडता मॉडेलला शिकवला तर ते भलतंच शिकणार.

तापमानाचंही तेच. जिलेटिनवाली इंक 20-22 अंशाला छान धरते, मे महिन्यात इथल्या एका लॅबमध्ये एसी बंद पडला तेव्हा तेच सेटिंग, तीच फाइल, आणि प्लेटवर नुसतं थारोळं. दुसरीकडच्या पेपरमधले आकडे मुंबईत जसेच्या तसे टाकून चालत नाहीत हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

अलीकडे कल छापून झाल्यानंतरच्या गणिताकडे आहे, जे मला जास्त मोलाचं वाटतं. रक्तवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रॉनपलीकडे ऑक्सिजन नीट पोचत नाही, म्हणून जाड टिश्यूत वाहिन्या कुठे सोडायच्या हे आधी मॉडेलवर बघतात. पेशी जगल्या का याची टेस्ट मात्र अजून बऱ्याचदा छापल्यावर काही तासांतच होते, आणि ताण सोसलेली पेशी दोन दिवसांनीही मरू शकते, त्यामुळे नवीन मॉडेल हातात आलं की ते कितव्या दिवसाच्या आकड्यावर बसवलंय ते मी आधी बघते.