जॉर्डनच्या टोमण्याने मग्सी बोग्ज संपला? नाही!

डेक्कन जिमखान्यापासून कॉलेजांच्या कोर्टांपर्यंत पुण्यातली बुटकी पोरं बास्केटबॉल खेळतात आणि त्यांना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९९५च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) सुपरस्टार मायकल जॉर्डनने बुटक्या मग्सी बोग्जला उंचीवरून टोमणा मारला, बोग्जचा नेम कायमचा गेला, करिअर संपलं. हे खरं नाही. असं काही घडलंच नाही, हे खुद्द बोग्जने सांगितलंय.

खरं कारण गुडघा. दुखापतीमुळे १९९५-९६च्या मोसमात तो जेमतेम ६ सामने खेळला. पुढच्याच मोसमात परतला, ६५ सामने खेळला आणि तीन गुणांचे फटके आधीपेक्षा कितीतरी चांगले मारले. एनबीएत तो २००१पर्यंत होता, म्हणजे एकूण १४ मोसम! उंची ५ फूट ३ इंच, एनबीएच्या इतिहासात सर्वांत कमी. तरी शार्लट हॉर्नेट्स या संघाकडून सर्वाधिक असिस्ट (ज्यावर सहकारी बास्केट करतो असे पास) आणि स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) त्याच्याच नावावर आहेत. बुटका पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) चेंडू जमिनीलगत ठेवतो, तो हिसकावणं उंच माणसाला फार जड जातं. शिवाय बोग्जने ७ फुटी पॅट्रिक युइंगचा शॉटही अडवला होता. मुलांना सांगायचंच असेल तर हे सांगा.