मायेची पत्रं : शाळेत हा उपक्रम कसा चालवावा
मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात आमचं छपाई आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. वह्या, प्रगतिपुस्तकं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका ही आमची रोजची कामं. त्यांच्या जोडीला काही वर्षांपासून आम्ही शाळांसाठी पत्रलेखनाचा एक उपक्रम चालवतो. त्याची चौकशी करायला येणाऱ्यांना गल्ल्यावर उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं नीट लिहून देत आहोत.

उपक्रम साधा आहे. आपल्याशी कोणीतरी मायेनं वागलं, असा एक प्रसंग प्रत्येक मुलानं आठवायचा आणि त्या माणसाला पोस्टानं पत्र पाठवायचं. एक मूल, एक माणूस, एक प्रसंग.

‘दया’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत नाही. दया म्हटलं की मुलं ‘गरिबांना मदत करावी’ असा निबंध लिहायला बसतात. माया म्हटलं की त्यांना माणूस आठवतो. वर्गात विषय सांगताना तुम्हीही हाच शब्द वापरून पाहा, फरक पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

नमुना पत्र का देत नाही

पहिल्या वर्षी आम्ही एक सुंदर नमुना पत्र छापून दिलं होतं. मुलांनी नाव बदलून ते जसंच्या तसं उतरवलं. शाळेतल्या मावशींना एकाच मजकुराची बारा पत्रं आली. मावशींनी ती सगळी वाचली आणि बाईंना विचारलं, “फळ्यावरून उतरवून घेतलं का?” ती चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही शाळांना देतो त्या संचात नमुना नसतो, फक्त तीन प्रश्नांची एक चिठ्ठी असते. त्या माणसानं नेमकं काय केलं? तेव्हा तू कुठे होतास? पुढे काय झालं?

एवढ्यावर मुलं काय लिहितात ते बघा. पाचवीतल्या एका मुलानं एसटीच्या कंडक्टरला पोस्टकार्ड लिहिलं: “तुम्ही मला पळत येताना बघितलं आणि डबल बेल दिली नाही. त्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता.” पत्र एवढंच. त्याच्या बाई म्हणाल्या, अजून दोन ओळी लिही. आम्ही त्यांना हात जोडून सांगितलं, राहू द्या.

कंडक्टरचं नाव त्याला माहीत नव्हतं. मग पत्त्यात गाडीचा मार्ग आणि सुटण्याची वेळ लिहिली, खाली ‘द्वारा आगार व्यवस्थापक’ आणि डेपोचा पत्ता. नाव माहीत नसलेल्या माणसालाही असं पत्र पाठवता येतं: दवाखान्यातल्या सिस्टर, रेशन दुकानातले काका, पुलाजवळ भाजी विकणाऱ्या आजी. भाजीवाल्या आजींसारख्यांना मात्र पत्र हातानं नेऊन द्यावं लागतं. तेही चालतं.

कोणाला लिहायचं ते मुलानं ठरवायचं

‘आज सगळ्यांनी आईला पत्र लिहायचं’ असं कृपा करून सांगू नका. वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याची आई नाही, किंवा ती उसाच्या फडावर गेलेली असते आणि तिथला पत्ता नसतो. तसंच हा उपक्रम ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, घेऊ नये असं आमचं मत आहे. त्या दिवशी सगळी पत्रं गुरुजी आणि बाईंनाच जातात, शाळेचे शिपाई काका बाजूलाच राहतात.

घरी मुलं जी भाषा बोलतात त्या भाषेत लिहू द्या. अहिराणी, पावरी, कन्नड, हिंदी, कोणतीही चालेल. पहिली ते तिसरीच्या मुलांनी चित्र काढून खाली एक-दोन वाक्यं लिहिली तरी पुरे.

आणि लाल पेन बाजूला ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू द्या. तपासायचा असेल तर फक्त पत्ता तपासा. मार्क नकोत, पहिला-दुसरा नंबर नको. एकदा नंबर आला की मूल परीक्षकांना पत्र लिहायला लागतं. ज्यांना स्पर्धाच हवी त्यांच्यासाठी टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा आहे, तिथे जरूर भाग घ्यावा. ते काम वेगळं आणि हे वेगळं.

मोठ्या वर्गांतली मुलं लाजतात. ‘त्यांना काय वाटेल’, ‘बावळटपणा वाटेल’ असं म्हणतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली कृतज्ञतेच्या पत्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं ते असं: पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होईल याचा अंदाज लिहिणारे कमी लावतात आणि त्याला अवघडल्यासारखं होईल असं मात्र जास्त धरून चालतात. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगा. ती लिहायला लागतात.

पोस्टाच्या गोष्टी

आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आलं. आजही ते ५० पैशांना आहे, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना आणि २० ग्रॅमपर्यंतचं पाकीट ५ रुपयांना. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला पोस्टकार्डांचा खर्च वीस रुपये. पैशांची अडचण सहसा येत नाही, येते ती कार्डांची. लहान पोस्टात एकदम शंभर कार्डं मिळतीलच असं नाही, म्हणून आम्ही ती आधीच गोळा करून ठेवतो.

पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतं. मनातलं लिहायचं असेल तर मुलाला आंतरदेशीय द्या. पण आंतरदेशीय पत्रात काहीही घालायची परवानगी नसते. मुलं हमखास पाकळ्या, मोरपीस, स्टिकर घालतात. तसं काही पाठवायचं असेल तर पाकीट घ्या आणि ते वजन करूनच टाका. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि जादा पैसे ज्याला पत्र मिळतं त्याला भरावे लागतात. आभाराच्या पत्रासाठी आजोबांनीच पैसे मोजायचे, हे बरं दिसत नाही.

पावसाळ्यात जेल पेन नको. भिजलेल्या कार्डावर शाई पसरते आणि पत्ता जातो. साधं बॉलपेन चांगलं.

पिनकोड लिहायला शिकवण्यासाठी एक तास वेगळा ठेवा, मुलांना तो फार आवडतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आणली. टपाल खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतचा मोठा पंडित आणि लेखक होता. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्रांची वर्गवारी कुठे होणार ते ठरतं, शेवटच्या तीनांवरून नेमकं पोस्ट कळतं. साताऱ्याच्या मुख्य पोस्टाचा ४१५००१ फळ्यावर लिहून सुरुवात करा, मग ज्यानं त्यानं आपल्या गावाचा शोधायचा. हा तास झाल्यावर शक्य असेल तर वर्गाला पोस्टात घेऊन जा. पोस्टमास्तरांना दोन दिवस आधी सांगितलं तर ते शिक्का मारून दाखवतात.

हे मात्र पाळाच

पत्रावर मुलाचं पहिलं नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता एवढंच हवं. घरचा पत्ता आणि फोन नंबर नको. उत्तरं शाळेतच येऊ द्या.

पत्र बाई किंवा गुरुजी एकदा बघतील, हे मुलांना लिहिण्याआधी सांगा. लिहून झाल्यावर सांगणं हा विश्वासघात होतो. क्वचित एखाद्या पत्रात मूल असं काही लिहून जातं की वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. घरात मारहाण होते, कोणीतरी त्रास देतं. ते पत्र पेटीत टाकायचं नाही आणि वर्गात त्याचा विषयही काढायचा नाही. मुख्याध्यापकांशी बोलून १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत परस्पर मिटवायचं नाही.

उत्तरं

सगळ्यांना उत्तर येत नाही. वर्गात दहा-बारा जणांना आलं आणि बाकीच्यांना आलं नाही, तर त्या बाकीच्यांचे चेहरे बघवत नाहीत. म्हणून आलेली उत्तरं सगळ्यांसमोर वाचू नका, ज्याचं त्याला मधल्या सुट्टीत द्या. आजी-आजोबांना पाकीट पाठवणार असाल तर आत शाळेचा पत्ता लिहिलेलं एक कोरं पोस्टकार्ड घाला. त्यांना पोस्टापर्यंत जाणं जमत नाही, पण पोस्टमनच्या हाती कार्ड देणं जमतं.

खर्च आणि वेळ

प्रत्येक विद्यार्थ्यामागे १५ रुपये. त्यात प्रश्नांची चिठ्ठी, कच्चा कागद, पत्ता लिहिण्याचा सराव कागद आणि वर्गासाठी पुठ्ठ्याची लाल पेटी येते. पोस्टकार्ड, आंतरदेशीय आणि तिकिटं पोस्टाच्याच भावानं, त्यावर आम्ही काही घेत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांकडून फक्त कागदाचा खर्च घेतो. पक्की पावती मिळते.

उपक्रमाला साधारण चार आठवडे लागतात, आठवड्याला एक तास. जागतिक दयाळूपणा दिन १३ नोव्हेंबरला असतो, पण आपल्याकडे तेव्हा बहुतेक दिवाळीची सुट्टी तरी असते किंवा शाळा नुकती उघडलेली असते. त्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटी सुरू करून सत्र परीक्षेच्या आधी पत्रं टाकावीत. ९ ऑक्टोबरच्या जागतिक टपाल दिनापर्यंत पहिली उत्तरं यायला लागतात. ते नाही जमलं तर स्नेहसंमेलन आटोपल्यावर जानेवारीत घ्या.

तीन आठवडे आधी इयत्ता आणि पटसंख्या कळवा. वर्गात घरी मराठी न बोलणारी मुलं असतील तर तेही सांगा, म्हणजे प्रश्नांची चिठ्ठी त्यांच्या भाषेत करून घेता येते. तुमच्या गावात तिच्या भाषांतराला मदत करणारं कोणी असेल तर त्यांचं नाव जरूर द्या. पावरीची चिठ्ठी आम्हाला अजून नीट जमलेली नाही.