टॉन्सिल कोणाचे काढायचे?

इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलांची वैद्यकीय तपासणी १९०७ च्या कायद्याने सक्तीची झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले असंख्य तरुण शरीराने अपात्र ठरले होते, त्या धक्क्याचा यात मोठा वाटा होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान ही व्यवस्था देशभर पसरली. दात, डोळे, कान, त्वचा यांचे दोष वेळीच सापडू लागले, आणि हे तिचे मोठेच श्रेय म्हटले पाहिजे. मात्र जिथे मोजपट्टी नव्हती, तिथे डॉक्टरांची नजर हेच उपकरण होते आणि ते उपकरण कितपत विश्वासार्ह आहे, हे फारसे कोणी तपासले नव्हते.

टॉन्सिलचे उदाहरण पाहा. लहानपणी टॉन्सिल मोठे असणे बहुधा स्वाभाविकच असते आणि पुढे ते आपोआप आक्रसतात. परंतु त्या काळी घशातला जंतुसंसर्ग संधिवातासारख्या दूरच्या विकारांचे मूळ ठरतो, अशी समजूत प्रबळ होती आणि पेनिसिलिन अजून औषध म्हणून हाती आले नव्हते. त्यामुळे १९३० च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला सुमारे एक लाख शाळकरी मुलांचे टॉन्सिल काढले जात. शस्त्रक्रिया किरकोळ मानली जाई. तरी तिच्यात दरवर्षी मुले दगावत.

या नजरेची झाडाझडती अमेरिकेत १९३४ मध्ये झाली. न्यूयॉर्कमधल्या ११ वर्षांच्या १,००० मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली, तेव्हा १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली गेली. ज्यांना नको म्हटले होते, ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली; त्यांनी ९९ निवडली. मग राहिलेल्या ११६ पैकी आणखी ५१. दर खेपेला जवळपास ४५ टक्के! जणू समोरचे मूल कसे आहे, यापेक्षा रांगेतल्या निम्म्या मुलांना दोष असणारच, हे गृहीतकच निर्णय घेत होते. शेवटी शस्त्रक्रियेच्या शिफारशीतून फक्त ६५ मुले सुटली.

इंग्लंडमध्ये डॉक्टर ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या प्रमाणात कित्येक पटींची तफावत दिसली. हवा, गरिबी, घरांतली दाटी यांपैकी कशानेही तिचा उलगडा होईना. लंडनजवळच्या हॉर्नसी भागात तर शालेय वैद्यकीय अधिकारी बदलताच शस्त्रक्रिया पूर्वीच्या एक-दशांशाहूनही खाली आल्या.

हीच नजर मुलांच्या पोषणाचा दर्जाही ठरवी. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्येक मुलाला उत्तम, सामान्य, किंचित कमी किंवा वाईट यांपैकी एक शेरा मिळे. पण एकाच मुलाबद्दल दोन डॉक्टरांचे मत अनेकदा जुळत नसे. बेकारीने पोखरलेल्या गावांत हा केवळ नोंदवहीतला फरक नव्हता. शाळेतल्या मोफत जेवणासाठी घरची गरिबी पुरेशी नसे, कुपोषणाची लक्षणे डॉक्टरांना दिसावी लागत. ‘सामान्य’ शेरा पडलेले मूल उपाशी असले तरी त्या यादीबाहेर राहू शके.