लहान तेल-वायू उत्पादकांसाठी तंत्रज्ञान विस्तार

स्वतःची प्रयोगशाळा किंवा संशोधन विभाग नसलेल्या तेल व नैसर्गिक वायू उत्पादकांपर्यंत नवी यंत्रे, पद्धती आणि माहिती पोहोचवून ती त्यांच्या विहिरीवर रुजवण्याचे काम. विदर्भातल्या वाचकाला हे कृषी विस्तारावरून चटकन कळेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत शेतकरी उभ्या पिकात फिरतो, वाण डोळ्यांनी पाहतो, मगच पेरायचे की नाही ते ठरवतो. तेलविहिरीच्या मालकाचेही तसेच. पत्रक वाचून तो पैसे घालत नाही. शेजारच्या विहिरीवर यंत्र चाललेले पाहिले की घालतो.

स्वतंत्र उत्पादक फक्त तेल-वायू काढून विकतो. त्याचा शुद्धीकरण कारखाना नसतो, पेट्रोल पंप नसतात. अमेरिकेत असे उत्पादक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या अनेक विहिरी थकलेल्या आहेत. दिवसाला जेमतेम 15 पिंपांपर्यंत (एक पिंप सुमारे 159 लिटर) तेल देणाऱ्या विहिरीला तिथे ‘स्ट्रिपर’ म्हणतात. 1986 साली तेलाचे भाव कोसळले आणि मोठ्या कंपन्या जुन्या क्षेत्रांतून पाय काढू लागल्या. क्षेत्रे लहानांच्या हाती आली, ज्ञान मात्र मोठ्यांच्याच कपाटात राहिले. या उणिवेवर उपाय म्हणून उत्पादकांनी 1993 मध्ये पेट्रोलियम टेक्नॉलॉजी ट्रान्सफर कौन्सिल स्थापन केली. अमेरिकी ऊर्जा खात्याचे साहाय्य, विभागीय केंद्रे आणि जागोजागच्या कार्यशाळा यांवर तिचे काम उभे राहिले.

लहान उत्पादकाची गरज बहुधा साधीच असते. काटोल-वरुडकडच्या संत्रा बागायतदाराला बोअरची मोटर कोरडी चालली की काय होते ते सांगावे लागत नाही; पाणी तुटले की मोटर बंद करणारी सोय तो स्टार्टरमध्येच बसवून घेतो. जमिनीवरून लांब दांड्यांनी हलवल्या जाणाऱ्या तेलविहिरीच्या दांडा-पंपाचे दुखणे याच जातीचे. तेल झिरपण्यापेक्षा पंप जोरात चालला की त्याचा नळा अर्धवट भरतो, खाली येणारा दट्ट्या तेलावर आपटतो, आणि असे धक्के खाऊन खाऊन दांडे तुटतात. तेलाची पातळी पाहण्यासाठी विहिरीच्या तोंडाशी दाबाखालच्या वायूने आवाजाचा ठोका देतात. नळीच्या प्रत्येक जोडावरून बारीक प्रतिध्वनी येतो, तेलाच्या पृष्ठभागावरून मोठा. आलेखावरचे जोड मोजायचे, एका नळीच्या लांबीने गुणायचे, की खोली हाती येते. त्या बेताने टायमर लावून पंपाला मधून मधून विसावा दिला की वीज वाचते आणि दांडेही टिकतात. हे एकदा समोर करून दाखवले तर अर्ध्या दिवसात शिकता येते.

नळीत साचणारे मेण हे दुसरे नेहमीचे दुखणे. ते खरवडून किंवा गरम तेल सोडून काढतात. भारतात टेरी ही संशोधन संस्था आणि ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी यांच्या सहकार्यातून मेण फस्त करणारे जिवाणू विहिरीत सोडण्याचा उपाय पुढे आला.

खरी अडचण पहिल्या प्रयोगाच्या जोखमीची आहे. मोठ्या कंपनीची एक विहीर फसली तर ती हिशेबात मुरते. लहान उत्पादकाचे वर्ष जाते. टेक्ससमधील बार्नेट शेल या वायू धरून ठेवणाऱ्या घट्ट खडकाच्या थरात मिचेल एनर्जी या कंपनीने 1981 मध्ये पहिली विहीर घेतली, पण घसरडे केलेले पाणी दाबाने सोडून खडक फोडण्याच्या (स्लिकवॉटर) पद्धतीने वायू परवडेल असा निघायला 1990 च्या दशकाची अखेर उजाडली. मधल्या काळात 1991 साली तिथल्या पहिल्या आडव्या विहिरीच्या खर्चाला गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटने हातभार लावला होता. विस्तारकार्याने उचलायचा भार तो हाच.

भारतात 2015 च्या शोधित लहान क्षेत्र धोरणाने, म्हणजे तेल-वायू सापडूनही पडून राहिलेली लहान क्षेत्रे लिलावाने देण्याच्या धोरणाने, बोलीसाठी पूर्वानुभवाची अट ठेवली नाही. निर्णय चांगला होता, पण नवख्या माणसाला विहीर दिली तर शिकवणाराही द्यायला हवा. 2018 मध्ये क्षेत्रातून नेहमीपेक्षा जास्त तेल-वायू काढण्याच्या पद्धतींना सवलती देणारे धोरण आले. उत्तर गुजरातेतील बालोल व सांथाल क्षेत्रांत ओएनजीसीने जमिनीखालीच तेलाचा काही भाग जाळून उरलेले जड तेल पातळ करण्याची पद्धत आधी प्रायोगिक आणि 1997 पासून व्यापारी प्रमाणावर वापरली. त्या अनुभवाचा लाभ लहानांना मिळायला हवा.

नागपूरच्या परिसरात तेलविहिरी नाहीत. इथली जमीन गोंडवनी कोळशाची. तरी या कामाला लागणारी माणसे इथे आहेत. 1942 पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था (आता विद्यापीठ) पेट्रोरसायन तंत्रज्ञान शिकवते, आणि देशभर बोअर घेऊन खनिजे शोधणाऱ्या एमईसीएलचे मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालयही नागपुरातच. तेलथरासमोर विहिरीच्या पोलादी नळीला भोके पाडायला स्फोटके लागतात. ती बाळगण्याचे आणि नेण्याचे परवाने पेसोच्या कक्षेत येतात. या परवान्याचा अर्ज कसा भरायचा, साठवणुकीची जागा कशी असावी, हे लहान उत्पादकाला शेजारी बसून समजावून देणे हाही विस्तारकार्याचाच भाग आहे, आणि त्याची सुरुवात नागपुरात करता येईल.