एएमएचचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) या संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की अनेक स्त्रिया त्यातल्या आकड्याकडे परीक्षेतील गुणांसारखे पाहतात. हा आकडा बीजांडकोशात किती स्त्रीबीजे उरली असावीत याचा अंदाज देतो. ती कशी आहेत, हे मात्र त्यातून कळत नाही. वयाचा वंध्यत्व-उपचारांवर होणारा परिणाम समजून घ्यायचा, तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

साठ्याचा हिशेब जन्माआधीच सुरू होतो. पाच महिन्यांच्या स्त्री-गर्भात ६० ते ७० लाख स्त्रीबीजे असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात आणि पाळी सुरू होईपर्यंत ती ३ ते ४ लाखांवर येतात. त्यांपैकी आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. बाकीची आतल्या आत जिरून जातात. ही गळती गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही थांबत नाही.

प्रत्येक स्त्रीबीजाभोवती पेशींची एक पिशवी असते, तिला फॉलिकल म्हणतात. लहान फॉलिकलच्या पेशी एएमएच आणि इनहिबिन-बी ही संप्रेरके स्रवतात. इनहिबिन-बीचे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला आवर घालण्याचे. फॉलिकल कमी झाले की हा आवर सुटतो आणि बीजांडकोशाला चालना देणारे एफएसएच पाळीच्या सुरुवातीलाच वाढू लागते. परिणामी फॉलिकल लवकर पक्व होतो व पूर्वी २८ दिवसांनी येणारी पाळी २५-२६ दिवसांवर येऊ शकते. गंमत अशी की या टप्प्यात इस्ट्रोजेन घटलेले नसते, कधी कधी ते वाढलेलेही आढळते आणि त्यामुळे एफएसएच दबून अहवाल फसवा येतो. म्हणूनच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके एकत्र तपासतात.

गुणवत्तेची गोष्ट वेगळी आहे. स्त्रीबीजाचे विभाजन गर्भावस्थेतच सुरू होऊन मध्येच थांबते, ते थेट बीज बाहेर पडण्याच्या वेळी पुढे सरकते. चाळिशीतल्या स्त्रीचे बीज म्हणजे चाळीस वर्षे ताटकळलेली पेशी. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन ही प्रथिने एवढ्या काळात झिजतात आणि गुणसूत्रांची वाटणी चुकते. एक गुणसूत्र जास्त आल्याने बाळाला होणाऱ्या डाऊन सिंड्रोमची शक्यता आईच्या २५ व्या वर्षी सुमारे १,२५० मध्ये १ असते, ती ४० व्या वर्षी १०० मध्ये १ होते. वाढत्या गर्भपातांमागेही मुख्यतः हेच कारण आहे. ही चूक कोणत्याही संप्रेरकाच्या पातळीत दिसत नाही. त्यामुळे एएमएच कमी असलेल्या तिशीतल्या स्त्रीला थोडीच, पण बहुधा चांगली बीजे मिळतात, तर एएमएच उत्तम असलेल्या ४२ वर्षांच्या स्त्रीला अनेक बीजे मिळूनही त्यांतली बरीचशी निकामी ठरतात.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे स्त्रीबीजाचे फलन शरीराबाहेर प्रयोगशाळेत घडवण्याच्या उपचारात, एफएसएचची इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक फॉलिकल वाढवतात. रजोनिवृत्तीनंतर शरीरात एफएसएच मुबलक असते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते; म्हणून अशी सुरुवातीची औषधे रजोनिवृत्त स्त्रियांच्या लघवीपासून बनवली गेली, आणि त्यासाठी इटलीतील मठांमधल्या वृद्ध नन्सनी लघवी पुरवली होती. बीजांडकोश थकल्याची खूण असलेले संप्रेरक दुसरीच्या बीजांडकोशाला जागे करू लागले! पण हे औषध असलेल्या फॉलिकलनाच वाढवते, नवे घडवत नाही. त्यामुळे साठा संपत आल्यावर मात्रा वाढवत नेण्याला, माझ्या मते, फारसा अर्थ नसतो. स्वतःच्या बीजांनी केलेल्या आयव्हीएफमध्ये पस्तिशीच्या आत यशाची शक्यता बरीच चांगली असते. बेचाळिशीनंतर ती शंभरात चार-पाचांवर घसरते. याच कारणाने डॉक्टर पस्तिशीपर्यंत वर्षभर, त्यानंतर सहा महिने प्रयत्न करून तपासणीला यायला सांगतात, आणि चाळिशीनंतर लगेचच.

गर्भाशय मात्र बीजांइतके लवकर म्हातारे होत नाही. तरुण दात्रीचे बीज वापरले, तर यशाचे प्रमाण मुख्यतः दात्रीच्या वयावर ठरते. मात्र गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका अशा वेळीही गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीच्या वयानुसारच वाढतो, आणि तो उपचारांआधीच तपासून घ्यावा लागतो.