फंडामेंटलिस्ट म्हणजे पहिल्यापासून 'पृथ्वी ६००० वर्षांची' म्हणणारे? नाही हो

ख्रिश्चन फंडामेंटलिस्ट (बायबलच्या मूळ श्रद्धांना घट्ट धरून बसणारे प्रोटेस्टंट) म्हटलं की लोक हेच धरून चालतात, पण ते खरं नाहीये. हा शब्दच १९२० मध्ये अमेरिकेतले बॅप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) संपादक कर्टिस ली लॉज यांनी काढला, आणि तोही स्वतःच्या लोकांसाठी अभिमानाने, शिवी नंतर झाली. त्याआधी १९१०-१५ मध्ये याच श्रद्धांवरच्या 'द फंडामेंटल्स' या पुस्तिका फुकट वाटल्या, त्यातले एक लेखक जेम्स ऑर तर पृथ्वी फार जुनी आहे हे मान्य करतात.

आणि १९२५ चा अमेरिकेतल्या डेटन गावचा खटला घ्या, शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून चाललेला. २० जुलैला कोर्ट बाहेर हिरवळीवर बसलं, बचावाचे वकील डॅरोंनी समोरच्या बाजूच्या, फंडामेंटलिस्टांची बाजू मांडणाऱ्या ब्रायनना साक्षीला बोलावून विचारलं की सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच का, तर उत्क्रांतीला विरोध करणारे हेच ब्रायन म्हणाले, तसंच असलं पाहिजे असं नाही!

तरुण पृथ्वीचं मत त्यांच्यात जोरात पसरलं ते १९६१ नंतर, आज ते मानणारे भरपूर आहेतच. पण आतल्या माणसासाठी मुद्दा वयाचा नसतो हो, बायबल चुकत नाही हा असतो, आणि आपण बाहेरून त्याचा अर्थ 'प्रत्येक ओळ शब्दशः' असा लावतो, तर ते स्वतः बायबलमधली स्तोत्रं कविता म्हणूनच वाचतात.